गाळलेला कंस

विंडसॉकचा खांब डावीकडून मागे गेला तेव्हा वेगाचा काटा ३६ नॉटवर होता. तिथे किमान ४० हवे होते. निघण्याआधी विमान शिकवणाऱ्या सरांनी मला ती खूण ठरवायला लावली होती: खांबापाशी ४० दिसले तर पुढे, नाहीतर थ्रॉटल, म्हणजे शक्तीची मूठ, मागे, चर्चा नाही. आकडा मी वाचला, पण हात हलला नाही. गवताची धावपट्टी पुढे भरपूर शिल्लक होती आणि मनात कुठेतरी ‘येईल की वेग अजून’ असं चाललं होतं. शेजारून सर म्हणाले, “थांबव.” एवढंच.

थांबवलं. वळवून परत आणलं. वाटेत ते एक शब्द बोलले नाहीत. धावपट्टीच्या टोकाशी पोचल्यावर त्यांनी पॅनलवरच्या, हवेत पेट्रोल किती मिसळायचं ते ठरवणाऱ्या लाल मुठीकडे बोट केलं.

“ही कुठे आहे?”

“पूर्ण आत, सर.”

“का?”

“कार्डावर लिहिलंय. मिक्श्चर रिच.”

आमच्या फ्लाइंग क्लबने सगळ्या विमानांसाठी लॅमिनेट केलेली चेकलिस्टची कार्डं छापून घेतली होती. सुटसुटीत, मोठ्या अक्षरात, छान. सरांनी दाराच्या कप्प्यातून विमानाचं मूळ पुस्तक काढलं आणि तीच ओळ दाखवली. सेसना १७२ चं ‘एन’ मॉडेल, १९७७ ते १९८० या काळात निघालेलं. त्याच्या पुस्तकात ‘मिक्श्चर रिच’ या शब्दांपुढे एक कंस आहे आणि त्यात ३,००० फुटांची अट आहे. त्याच्या खाली रिच, म्हणजे पेट्रोल जास्त; त्याच्या वर असाल तर आरपीएम, म्हणजे मिनिटाच्या फेऱ्या, सर्वात जास्त येईल इतपत लीन, म्हणजे पेट्रोल कमी, करा. क्लबचं आमचं मैदान जवळजवळ समुद्रसपाटीला. तिथे त्या कंसाची गरज कधी पडलीच नसणार, म्हणून कार्ड छापताना कुणीतरी तो गाळला. आणि मी ते कार्ड घेऊन ४,१०० फुटांवरच्या मैदानात, भर दुपारी, ३३ अंशांत, दोन माणसं आणि भरलेल्या टाक्या घेऊन उभी होते.

याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे उड्डाणाचं अंतर मी आदल्या रात्री तक्त्यावरून व्यवस्थित काढलं होतं. उंची धरली, तापमान धरलं, गवताचे १५ टक्के वाढवले. त्या तक्त्याच्या वर बारीक टाइपात टीप आहे: ३,००० फुटांवरच्या मैदानावर मिक्श्चर लीन करूनच हे आकडे मिळतील. म्हणजे हिशोब केला होता एका इंजिनाचा आणि घेऊन निघाले होते दुसरंच.

आता त्या दुपारी इंजिनाला नेमकं काय वाटत होतं ते बघू. मैदानाच्या पाटीवर ४,१०० लिहिलं असलं तरी इंजिन पाटी वाचत नाही. त्याला हवेची घनता तेवढी कळते. प्रमाण वातावरण म्हणजे समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब आणि १५ अंश सेल्सिअस, आणि दर हजार फुटांना सुमारे २ अंशांची घट. त्या हिशोबाने ४,१०० फुटांवर ७ अंश असायला हवेत. होते ३३. फरक २६ अंशांचा. दर अंशाला १२० फूट, हा वैमानिकांचा तोंडी हिशोब. २६ गुणिले १२० म्हणजे ३,१२०. दाब त्या दिवशी सरासरीइतकाच होता, म्हणून ते ४,१०० त मिळवायचे. डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या घनतेच्या हिशोबाने उंची, आली ७,२००. जमिनीवर उभं राहून आम्ही ७,२०० फुटांवरची हवा घेत होतो.

त्या हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ८१ टक्के. साधं पिस्टन इंजिन प्रत्येक फेरीला ठरावीक घनफळाची हवा आत ओढतं, पण जळण्यासाठी लागतं हवेचं वजन. १ लिटर पेट्रोल नीट जाळायला समुद्रसपाटीची जवळजवळ ९,००० लिटर हवा लागते. त्या मैदानावर तेच १ लिटर जाळायला ११,००० लिटर लागली असती, आणि सिलिंडर काही मोठे होत नाहीत. दर हजार फुटांना ३ टक्क्यांहून जरा जास्त शक्ती जाते असं धरतात. १६० अश्वशक्तीचं आमचं इंजिन तिथे फार तर १२५ देणार होतं. हा तोटा कुठलीही मूठ फिरवून भरून निघत नाही. त्याला हवा दाबून इंजिनात भरणारा टर्बोचार्जर लागतो. तो सिद्ध करण्यासाठी १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या सॅनफर्ड मॉस यांनी लिबर्टी इंजिन अमेरिकेतल्या पाइक्स पीक नावाच्या १४,००० फुटी शिखरावर नेऊन चालवून दाखवलं होतं. विमानाचं इंजिन डोंगरावर गाडीने चढवायचं, ही कल्पना मला अजूनही गमतीची वाटते.

पण मी जी शक्ती घालवली ती या तोट्याच्या वरची.

कार्ब्युरेटर हे एक भाबडं यंत्र आहे. हवा व्हेंच्युरी नावाच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथला दाब पडतो आणि त्या ओढीने बारीक भोकातून पेट्रोल बाहेर येतं. हवा विरळ झाली की ओढ कमी होते खरी, पण हवेच्या वजनाइतकी कमी होत नाही. पेट्रोलचं प्रमाण घनतेच्या वर्गमुळाने घटतं. त्या दुपारी आत जाणारी हवा १९ टक्क्यांनी कमी होती आणि पेट्रोल फक्त १० टक्क्यांनी. म्हणजे हवेच्या मानाने साधारण ११ टक्के पेट्रोल जास्त. त्यात पूर्ण आत ढकललेली मूठ मुळातच गरजेपेक्षा जास्त पेट्रोल देते, आणि ते मुद्दाम. वजनाने सुमारे १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल हे पूर्ण ज्वलनाचं प्रमाण. सर्वात जास्त शक्ती १२-१३ ला १ च्या आसपास मिळते. फुल रिच त्याच्याही पलीकडे असतं, कारण समुद्रसपाटीला पूर्ण शक्तीवर सिलिंडरांची डोकी तापतात आणि मिश्रण पेटण्याऐवजी फुटायला लागतं, त्याला डेटोनेशन म्हणतात. ते टाळायला जास्तीचं पेट्रोल ओतायचं. त्या आधीच जास्त असलेल्यावर आणखी ११ टक्के. इंजिन चालतं, पण जड आवाजात, आणि एक्झॉस्टमधून काळपट धूर.

सरांनी ब्रेक धरून थ्रॉटल पूर्ण उघडायला सांगितला. जमीन गवताची आणि स्वच्छ होती म्हणून. खडी असती तर हे केलं नसतं, पंखा खडे उचलतो आणि त्याच्या कडेला खाचा पडतात. काटा २,२२० वर थांबला.

“आता मूठ बाहेर काढ. हळू. ओढू नकोस, फिरव.”

लाल मुठीच्या मधोमध एक बटण असतं. ते दाबलं की मूठ सरळ मागेपुढे होते, न दाबता फिरवली की आट्यांनी रेसारेसाने सरकते. पहिले दोन वेढे काहीच झालं नाही. तिसऱ्याला आवाज बदलला. जड घोगरेपणा गेला आणि आवाज सुटा झाला. सर्दी उतरलेल्या माणसाचा होतो ना, तसा. काटा २,२४०, २,२७०, २,२९०. आणखी अर्धा वेढा, तर २,२९० वरून खाली यायला लागला आणि पायाखाली बारीक थरथर जाणवली. “आता थोडी आत.” मी एक वेढा परत दिला. काटा स्थिरावला, थरथर गेली.

“किती मिळाले?” सरांनी विचारलं.

“सत्तर आरपीएम.”

“म्हणजे?”

मी गप्प. सत्तर म्हणजे काय, २,२०० च्या पुढे किरकोळच की. तेव्हा त्यांनी सांगितलेली गोष्ट मला पुस्तकातल्या सगळ्या आकृत्यांपेक्षा जास्त उपयोगी पडली आहे. पंखा फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ७० आरपीएम म्हणजे ३ टक्के फेऱ्या, आणि ३ टक्के फेऱ्या म्हणजे ९ टक्के शक्ती. १२५ पैकी अकरा घोडे मी तबेल्यातच बांधून ठेवले होते.

यातच एक फसवणूक दडलेली आहे. उंचावर इंजिनाची शक्ती घटते तसा पंख्यालाही हवेचा विरोध कमी होतो. त्यामुळे पंखा न बदलणाऱ्या पात्यांचा असेल तर मिश्रण नीट असताना जागेवरचा आरपीएम फारसा पडतच नाही. काट्याकडे बघून वाटतं, सगळं नेहमीसारखं. पण शक्ती पाव भागाने कमी झालेली असते आणि त्याच फेऱ्यांत पंखा विरळ हवा मागे ढकलत असतो. विमानाच्या पंखांनाही तीच विरळ हवा. वेगदर्शकावर नाक उचलायचे ५५ नॉट तेच राहतात, पण ते दिसण्यासाठी चाकांना जमिनीवर ६१ नॉट गाठावे लागतात. कमी जोर आणि जास्त वेग. अंतर दीडपटीहून जास्त होतं ते या दोन्हींमुळे. काटा एवढंच सांगतो की मिश्रण बरोबर आहे. धावपट्टी पुरेल का, हे तो सांगत नाही. त्यासाठी तक्ता आणि विंडसॉकचा खांब.

त्या दुपारी आम्ही गेलो नाही. लीन केल्यावर जाता आलं असतं, आकडे बसत होते. पण सर म्हणाले, ज्या दिवशी एकदा चूक झाली त्या दिवशी काठावरचे आकडे घ्यायचे नाहीत. मला तेव्हा राग आला होता. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. थर्मामीटर १२ अंश. प्रमाणापेक्षा फक्त ५ जास्त, म्हणजे डेन्सिटी अल्टिट्यूड ४,७००. मैदान तेच, विमान तेच, आणि रातोरात अडीच हजार फूट खाली सरकलेलं. खांबापाशी काटा ४४ दाखवत होता.

त्यानंतर काही महिने मी लाल मुठीच्या नादाला लागले होते. वाचलं, विचारलं, दर उड्डाणाला वहीत आकडे टिपले. तेव्हा कळलं की बरेच जण तिच्याकडे इंजिन बंद करायचं बटण म्हणूनच बघतात. सुरू करताना आत, बंद करताना बाहेर, मध्ये हात लावायचा नाही. किंवा ‘५,००० फुटांखाली लीन करायचं नसतं’ हे वाक्य पाठ असतं. इंजिन बनवणाऱ्या लायकमिंगचं म्हणणं तसं नाही. समतल उड्डाणात शक्ती ७५ टक्के किंवा त्याखाली असेल तर कुठल्याही उंचीला लीन करा. प्रश्न उंचीचा नाही, शक्तीचा आहे. ७५ टक्क्यांच्या वर लीन केलं तर डोकी तापतात, डेटोनेशनची भीती असते. खाली असेल तर इंजिनात स्वतःला इजा करून घेण्याइतका जोरच नसतो. साडेसात-आठ हजार फुटांच्या वर थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला तरी ७५ च्या पुढे जाता येत नाही. म्हणून तिथे मूठ फिरवायला घाबरायचं कारण उरत नाही. आणि ७,२०० च्या हवेत जमिनीवर उभं राहून पूर्ण थ्रॉटलला लीन करायला सांगितलं जातं ते त्याच हिशोबाने.

उलट समुद्रसपाटीच्या मैदानावर ‘मला आता जमतं’ म्हणून टेक-ऑफला मूठ मागे ओढणं हा शुद्ध वेडेपणा. कंस दोन्ही बाजूंनी वाचायचा असतो.

वर गेल्यावर मी जे करते ते असं. समतल झाल्यावर आरपीएम लावून दोन-तीन मिनिटं इंजिनाला तसंच सोडते. मग मूठ फिरवत एक्झॉस्टच्या तापमानाचा काटा बघते. मिश्रण पातळ होत जातं तसं तापमान चढतं, एका शिखराला पोचतं, आणि पुढे पातळ केलं की उतरायला लागतं. आमच्या इंजिनाच्या पुस्तकात नेहमीसाठी रिच बाजूला, शिखराच्या ५० अंश फॅरनहाइट खाली ठेवा असं आहे, आणि पेट्रोल वाचवायचं असेल तर शिखरावरच. काटा नसलेल्या विमानात कान आणि पायाचे तळवे: इंजिन थरथरेपर्यंत बाहेर, थरथर जाईपर्यंत आत. थरथर का येते? कार्ब्युरेटरवाल्या इंजिनात चारही सिलिंडरांना सारखं मिश्रण पोचत नाही. ज्याला सर्वात पातळ मिळतं तो आधी कुरकुरतो, बाकीचे तीन अजून मजेत असतात. कुरकुर ऐकू येते ती त्या एकट्याची.

हे न करता लांब पल्ल्याला निघालात तर टाकीचा हिशोब कोसळतो. पुस्तकातला ७५ टक्के शक्तीचा ताशी ३२ लिटरच्या आसपासचा आकडा लीन केलेल्या इंजिनाचा आहे. पुन्हा तोच कंस, दुसऱ्या पानावर.

जमिनीवरचं लीन करणं मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. ते हँगरमधल्या काकांनी शिकवलं, आणि तेही वैतागून. रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधीच्या इंजिनाच्या तपासणीत, डाव्या मॅग्नेटोवर (ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रणांपैकी एक) आरपीएम २०० ने पडला. मर्यादा १२५ ची, आणि दोन मॅग्नेटोंमध्ये ५० पेक्षा जास्त फरक नको. विमान परत नेलं. काकांनी खालचा स्पार्क प्लग काढून माझ्या तळहातावर ठेवला. इलेक्ट्रोडच्या फटीत करड्या रंगाचा, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान मणी अडकला होता. शिसं. १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलमध्ये लिटरला अर्ध्या ग्रॅमच्या आसपास शिसं असू शकतं. ते बाहेर वाहून नेण्यासाठी त्यात ब्रोमीनचं एक संयुग घालतात, पण ते काम करतं प्लगचं टोक चांगलं तापलं तरच. कमी आरपीएमला, फुल रिच ठेवून, वीस मिनिटं टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवरून, फिरलं की टोक थंड राहतं आणि शिसं तिथेच बसतं.

“सुरू झालं की लगेच बाहेर ओढत जा,” काका म्हणाले. “चांगलं जोरात. थोडंसं नको.”

थोडंसं का नको, हे मला मागाहून समजलं. अर्धवट लीन केलेलं इंजिन टॅक्सीला नीट चालतं आणि विसरून तसंच टेक-ऑफला थ्रॉटल दिला तर पूर्ण शक्तीवर पातळ मिश्रण, म्हणजे नेमकं ज्याला भ्यायचं ते. पण इतकं लीन करून ठेवलं की थ्रॉटल जरा पुढे ढकलताच इंजिन गचके खातं, तर विसरताच येत नाही. मला ही युक्ती फार आवडते, कारण तिच्यात माझ्या स्मरणशक्तीवर भरवसा ठेवलेला नाही.

उतरताना मात्र स्मरणशक्तीच लागते. साडेनऊ हजारांवर बेताचं लावलेलं मिश्रण तसंच ठेवून खाली आलं की हवा दाट होत जाते आणि मिश्रण पातळ. थ्रॉटल मागे असतो तोवर काही कळत नाही. मी एकदा दोन हजार फुटांवर समतल होताना शक्ती दिली आणि इंजिनाने एक ठसका दिला. एकच. मूठ आत गेली, सगळं ठीक झालं, पण पोटात गोळा आला तो टॅक्सी संपेपर्यंत होता. आता दर हजार फुटांना एक वेढा आत, असं बोटांना लावून घेतलंय.

उंच मैदानावर उतरताना याच्या बरोबर उलटी चूक होते. लँडिंगच्या आधी ‘मिक्श्चर रिच’ म्हणत मूठ पूर्ण आत, त्यात कार्ब्युरेटर हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा, लावलेली. ती गरम हवा अजून विरळ, म्हणजे मिश्रण अजून रिच. उतरणं निर्धोक होतं, कारण तेव्हा शक्ती लागतच नाही. पण गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जाणं, करावा लागला तर थ्रॉटल पुढे, आणि तेच घोगरं, जड इंजिन, यावेळी जमिनीपासून पन्नास फुटांवर. म्हणून उंच मैदानावर उतरताना मी मूठ टेक-ऑफला जिथे ठेवली असती तिथेच ठेवते.

क्लबच्या कार्डावर मी बॉलपेनने कंस लिहून बघितला. लॅमिनेशनवर शाई टिकली नाही. मग मार्करने लिहिला, तो दोन महिन्यांत अंगठ्यांनी पुसला गेला. शेवटी माझ्यापुरतं मूळ पुस्तकाचं पान छापून घेतलं.

मागच्या महिन्यात एका मित्राच्या नव्या विमानातून फिरून आले. रोटॅक्स ९१२, दोन कार्ब्युरेटर, हवेच्या दाबाप्रमाणे मिश्रण आपलं आपण सांभाळणारे. पॅनलवर लाल मूठच नाही. तो मला सगळं कौतुकाने दाखवत होता आणि मीही हो हो म्हणत होते. सहा हजारांवर समतल झालो, त्याने कंट्रोल माझ्याकडे दिले, आणि थोड्या वेळाने त्याने हसत विचारलं, “काय शोधतेयस?” माझा उजवा हात थ्रॉटलच्या शेजारी, मोकळ्या पॅनलवर चाचपडत होता.